सहाची लोकल, ठाण्याचा पाऊस आणि पायथनचं ‘रिक्वेस्ट्स’

ऐरोली, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यात नव्याने नोकरीला लागलेल्याच्या वाट्याला पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एक काम हमखास येतं: "त्या एपीआयला कॉल कर, डेटा आण आणि फाइलमध्ये टाक." (एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे माहिती मागायची खिडकी.) ऐकायला सोपं आहे आणि पाच ओळींत होतंही. पण सोमवारी चाललेल्या त्याच पाच ओळी बुधवारी तासभर नुसत्या लटकून बसतात. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी त्या बिनदिक्कत चुकीचा आकडा हातात ठेवतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून इथे पहिल्या पाच ओळी भराभर उरकल्या आहेत आणि खरा वेळ पुढच्या भानगडींना दिला आहे.

सरावाला एक खरं काम घेऊ. पावसाळ्यात ऐरोलीच्या ऑफिसातून ठाण्याला किंवा बेलापूरला परतणाऱ्याला दुपारी चारलाच कळायला हवं की संध्याकाळी पाच ते आठ या वेळात कुठे किती पावसाचा अंदाज आहे. ओपन-मेटिओ ही हवामानाचा अंदाज देणारी सेवा बिगरव्यावसायिक वापराला फुकट आहे. खातं उघडावं लागत नाही, चावी (ओळख पटवायला सर्व्हरने दिलेला गुप्त मजकूर) लागत नाही, दिवसाला १०,००० विनंत्यांची मर्यादा आहे. शिकायला याहून सोयीचा सर्व्हर मिळणं कठीण. तुम्हाला पायथनमधलं इफ, फॉर आणि डिक्शनरी येते, एवढं गृहीत धरलं आहे.

टाइप करण्याआधी एक सूचना. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. लायब्ररीचे शब्द (इम्पोर्ट, गेट, पॅराम्स, टाइमआउट वगैरे) तुम्ही इंग्रजीतच टाकायचे, बहुतेक छोट्या अक्षरांत; फक्त नन, फॉल्स, रिट्राय, एचटीटीपीअडॅप्टर आणि कनेक्शनएररसारखी एक्सेप्शनची नावं मोठ्या अक्षराने सुरू होतात. मात्र आपण स्वतः ठेवलेली नावं, म्हणजे पत्ता, उत्तर, पाऊस, देवनागरीत ठेवली तरी पायथन ३ ला चालतात. आकड्यांचं तसं नाही. प्रोग्रॅममध्ये देवनागरी १९ लिहिलात तर पायथन ‘इनव्हॅलिड कॅरेक्टर’ म्हणून तिथेच अडेल. गंमत अशी की तेच देवनागरी आकडे वापरणाऱ्याने भरलेल्या मजकुरातून आले, तर इंट आणि फ्लोट ते बिनतक्रार वाचतात: इंट("४००६०१") हे ठाण्याच्या पिनकोडचं चोख रूपांतर करतं. पण रूपांतर न करता तो मजकूर तसाच सर्व्हरला पाठवलात, तर समोरच्याला तो आकडा वाटेलच याची खात्री नाही. मराठी फॉर्ममधून आलेला आकडा आधी इंट किंवा फ्लोटमधून काढा, मगच पाठवा.

बसवणं

रिक्वेस्ट्स ही नेटवरच्या सर्व्हरला विनंत्या पाठवणारी लायब्ररी केनेथ राइट्झ यांनी २०११ मध्ये आणली. आता ती पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. पायथनबरोबर ती आपोआप येत नाही, वेगळी बसवावी लागते.

विंडोजवर पायथनचा इन्स्टॉलर उघडला की पहिल्याच पडद्यावर तळाशी पायथन पाथमध्ये घालण्याची चौकट असते. तिच्यावर खूण करूनच पुढे जा. ती राहून गेली तर कमांड प्रॉम्प्टमध्ये पायथन टाकल्यावर भलतंच मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि नवखा माणूस तिथेच अर्धा तास घालवतो.

प्रोजेक्टचा एक फोल्डर करा, टर्मिनलमध्ये त्या फोल्डरमध्ये जा आणि ही आज्ञा द्या:

पायथन -एम व्हेन्व्ह व्हेन्व्ह

यातून या एका प्रोजेक्टपुरतं वेगळं कपाट तयार होतं. इथे बसवलेल्या लायब्ररी बाकीच्या कामांत लुडबुड करत नाहीत. विंडोजवर ते उघडायला व्हेन्व्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट, उबुंटू किंवा मॅकवर सोर्स व्हेन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट. पॉवरशेलने स्क्रिप्ट चालवायला बंदी असल्याचं सांगितलं तर घाबरू नका, तोच फोल्डर साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये उघडा. नव्या उबुंटूवर कपाट न करता थेट पिप (लायब्ररी बसवणारा पायथनचा प्रोग्रॅम) चालवलंत तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा निरोप येतो. तो निरोप म्हणजे बिघाड नाही, कपाट करा एवढंच त्याचं म्हणणं असतं. मग:

पायथन -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स

नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न लिहिता आधी ‘पायथन -एम’ लावायचं कारण साधं आहे. एका लॅपटॉपवर दोन-तीन पायथन असणं नेहमीचंच. पिप एकात बसवतं, प्रोग्रॅम दुसऱ्यात चालतो आणि ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ काही हटत नाही. नावाच्या शेवटचा एस विसरू नका.

आणि फाइलचं नाव! पहिली फाइल बरेच जण ‘रिक्वेस्ट्स.पीवाय’ याच नावाने सेव्ह करतात. मग ‘इम्पोर्ट रिक्वेस्ट्स’ म्हटलं की पायथन लायब्ररी सोडून तुमचीच फाइल उचलतो आणि तिच्यात ‘गेट’ नावाचं काही नाही, अशी तक्रार करतो. फाइलला ‘पाऊस’ नाव द्या, काहीही द्या, फक्त लायब्ररीचं देऊ नका.

पहिला प्रश्न

इम्पोर्ट रिक्वेस्ट्स
उत्तर = रिक्वेस्ट्स.गेट("एचटीटीपीएस://एचटीटीपीबिन.ऑर्ग/गेट", टाइमआउट=१०)
प्रिंट(उत्तर.स्टेटस_कोड)
प्रिंट(उत्तर.टेक्स्ट)

एचटीटीपीबिन ही सरावासाठीच असलेली साइट आहे. तुम्ही जे पाठवाल ते ती जसंच्या तसं परत दाखवते, त्यामुळे आपण नेमकं काय पाठवलं हे डोळ्यांनी पाहता येतं. २०० हा आकडा आला म्हणजे सर्व्हरने विनंती घेतली आणि उत्तर दिलं. पत्त्याच्या सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस://’ गाळलंत तर ‘मिसिंग स्कीमा’ येतो. ब्राउझर ते आपल्या वतीने लावून घेतो, लायब्ररी तसे लाड करत नाही.

उत्तरातून तीन गोष्टी निघतात. ‘टेक्स्ट’ म्हणजे अक्षरांत वाचलेला मजकूर, ‘कंटेंट’ म्हणजे कच्चे बाइट (चित्र किंवा पीडीएफ असेल तर हेच घ्यायचं), आणि ‘जेसन()’ म्हणजे जेसन (डेटा मजकुरात लिहिण्याची ठरलेली पद्धत) उलगडून मिळालेली पायथनची डिक्शनरी किंवा लिस्ट. जेसनपुढे कंस लागतो, बाकी दोघांपुढे नाही.

ठाण्याचा पाऊस

पत्त्याला प्रश्नचिन्ह आणि अँड जोडत बसू नका. प्रश्नाचा तपशील वेगळ्या डिक्शनरीत लिहा आणि ‘पॅराम्स’मधून द्या:

पत्ता = "एचटीटीपीएस://एपीआय.ओपन-मेटिओ.कॉम/व्ही१/फोरकास्ट"
तपशील = {"लॅटिट्यूड": १९.१९, "लाँगिट्यूड": ७२.९८, "अवरली": "प्रेसिपिटेशन", "टाइमझोन": "एशिया/कोलकाता", "फोरकास्ट_डेज": १}
उत्तर = रिक्वेस्ट्स.गेट(पत्ता, पॅराम्स=तपशील, टाइमआउट=(५, २०))
डेटा = उत्तर.जेसन()

मधल्या जागा, स्वल्पविराम, मराठी अक्षरं या सगळ्यांचं पत्त्यात चालेल असं रूपांतर लायब्ररी करते. काय झालं ते पाहायचं असेल तर ‘उत्तर.यूआरएल’ छापा. ‘ठाणे’ या शब्दाच्या जागी टक्क्याची बारा चिन्हं दिसतील. युनिकोडमध्ये ठ, काना, ण आणि मात्रा अशी ही चार चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट लागतात. बिघाड नाही, हिशोब बरोबर आहे.

आता या चार ओळींत किती ठिकाणी पाय घसरतो ते पाहू. पुढच्या चारही चुकांमध्ये सर्व्हर २०० देतो, म्हणजे तक्रार करणारं कुणीच नसतं.

पहिली, अक्षांश-रेखांशांची अदलाबदल. ठाण्याचा अक्षांश १९.१९, रेखांश ७२.९८. उलटे भरलेत तर ७२.९८ हाही वैध अक्षांश आहेच, तेव्हा सर्व्हर मुकाट्याने नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहराच्या उत्तरेला, भर समुद्रातलं हवामान पाठवतो. जुलैत ठाण्याचं तापमान आठ-दहा अंश दिसलं तर शंका यायलाच हवी, पण फक्त पाऊस मागितला असेल तर शंकाही येत नाही.

दुसरी, वेळ. ‘टाइमझोन’ दिला नाही तर वेळा ग्रिनिचच्या मिळतात. मग ज्याला तुम्ही संध्याकाळी सहाचा पाऊस समजता तो आपल्याकडच्या रात्री साडेअकराचा असतो. शेवटची लोकल गाठणाऱ्याला उपयोगी असेल, सहाच्या लोकलवाल्याला नाही.

तिसरी, तासाचा अर्थ. ओपन-मेटिओच्या तासागणिक आकड्यात १८:०० समोरचे मिलिमीटर हे १७:०० ते १८:०० या सरलेल्या तासाचे असतात. म्हणजे पाच ते आठचा पाऊस हवा तर १८, १९ आणि २० या तीन नोंदींची बेरीज करायची. १७ ची घ्यायची नाही.

चौथी, दिवसांची संख्या. ‘फोरकास्ट_डेज’ न लिहिल्यास सात दिवसांचा, म्हणजे १६८ तासांचा अंदाज येतो. त्यातून "ज्यांची वेळ १८ आहे" अशा नोंदी निवडल्यात तर सातही दिवसांच्या निवडल्या जातात आणि बेरीज भयंकर येते.

उत्तरातला ‘अवरली’ हा कप्पा थोडा विचित्र रचलेला आहे. त्यात वेळांची एक लिस्ट आणि पावसाची दुसरी, दोन्ही एकमेकींना समांतर. झिप वापरून त्यांची जोडी लावा:

एकूण = ०
फॉर वेळ, मिमी इन झिप(डेटा["अवरली"]["टाइम"], डेटा["अवरली"]["प्रेसिपिटेशन"]):
  इफ वेळ[११:१३] इन ("१८", "१९", "२०") अँड मिमी इज नॉट नन:
    एकूण += मिमी

वेळ ‘वर्ष-महिना-दिनांक टी तास:मिनिटं’ अशी येते, म्हणून (शून्यापासून मोजून) अकराव्या स्थानापासूनची दोन अक्षरं म्हणजे तास. ‘नन’ची तपासणी गाळू नका. एखाद्या तासाचा आकडा सर्व्हरकडे नसला तर जेसनमध्ये नल येतो, पायथनमध्ये त्याचा नन होतो आणि बेरीज टाइप एरर देऊन कोसळते.

चार ठिकाणं एकाच विनंतीत मागता येतात. लॅटिट्यूडमध्ये "१९.१९,१९.१६,१९.०६,१९.०२" आणि लाँगिट्यूडमध्ये "७२.९८,७३.००,७३.००,७३.०४" असा मजकूर द्या, अनुक्रमे ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर. उत्तर त्याच क्रमाने येतं. पण इथे रचना बदलते: एका ठिकाणाला डिक्शनरी मिळत होती, आता डिक्शनऱ्यांची लिस्ट मिळते. कालचा चालू प्रोग्रॅम आज ‘लिस्ट इंडायसेस मस्ट बी इंटिजर्स’ म्हणून ओरडतो, तो याचमुळे.

ठाणे आणि ऐरोलीचे आकडे अगदी सारखे आले तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. उत्तरातला अक्षांश-रेखांश पाहा. तुम्ही पाठवलेल्याहून तो थोडा वेगळा असेल. अंदाजाची मॉडेलं नकाशावर जाळी टाकतात आणि त्या जाळीतल्या चौकोनाचा आकडा देतात. ठाणे आणि ऐरोली स्टेशनांमध्ये सरळ रेषेत चारेक किलोमीटर अंतर आहे, तेव्हा दोन्ही एकाच चौकोनात पडू शकतात. आपल्याकडे खाडीच्या अलीकडे कोरडं आणि पलीकडे धो-धो असं चालतं खरं, पण ते या आकड्यांत शोधू नये.

आणखी एक. भारतीय हवामान विभाग २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पावसाला मुसळधार म्हणतो आणि ११५.६ पासून २०४.४ पर्यंत अतिमुसळधार. ते २४ तास सकाळी साडेआठ ते साडेआठ असे मोजले जातात. ओपन-मेटिओची दिवसाची बेरीज मध्यरात्र ते मध्यरात्र असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून "फरक का?" असं विचारणारा साहेब भेटेलच, तेव्हा उत्तर तयार असू द्या.

थांबायचं किती

रिक्वेस्ट्समध्ये टाइमआउट लिहिला नाही तर ती लायब्ररी वाट पाहणं आपणहून कधीच सोडत नाही. सर्व्हरने फोन उचलून नुसता कानाला लावून ठेवला तर तुमचा प्रोग्रॅमही दिवसभर "हॅलो" म्हणत उभा. एरर नाही, लॉग नाही, काही नाही. आम्हाला विचाराल तर टाइमआउट नसलेली एकही ओळ रिव्ह्यूमधून पुढे जाऊ देऊ नये.

(५, २०) मधला पहिला आकडा जोडणी होण्यासाठी थांबायचे सेकंद, दुसरा उत्तरासाठी थांबायचे सेकंद. दुसऱ्या आकड्याबद्दल मोठा गैरसमज आहे. २० म्हणजे सगळं काम २० सेकंदांत आटोपेल असं नव्हे. सर्व्हरकडून २० सेकंद एकही बाइट आला नाही तर सोडून द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. दर १९ सेकंदांनी चमचाभर डेटा देणारा सर्व्हर तुम्हाला तासभर बसवू शकतो.

सराव करायचा असेल तर एचटीटीपीबिनच्या ‘/डिले/५’ या पत्त्यावर टाइमआउट=२ देऊन पाहा. उत्तराला मुद्दाम पाच सेकंद लावणारा हा पत्ता आहे. ‘रीड टाइमआउट’ कसा दिसतो ते एकदा शांतपणे पाहिलेलं बरं.

उत्तर आलं, पण काय आलं

गेटला ४०४ किंवा ५०० मिळालं तरी लायब्ररीच्या दृष्टीने ते उत्तरच. ती आपणहून एरर देत नाही. म्हणून गेटच्या लगेच खाली ‘उत्तर.रेझ_फॉर_स्टेटस()’ लिहायचं. चारशे किंवा त्यावरचं काही आलं असेल तर ही ओळ प्रोग्रॅम तिथेच थांबवते. ती नसेल तर पुढची जेसन() ही ओळ फुटते, ‘एक्स्पेक्टिंग व्हॅल्यू, लाइन १ कॉलम १’ असं काहीतरी सांगते, आणि तुम्ही जेसनमध्ये खोट शोधत राहता. खरं तर सर्व्हरने एररचं एचटीएमएल पान पाठवलेलं असतं. असा निरोप दिसला की पहिली कृती एकच: ‘उत्तर.टेक्स्ट’ची पहिली ३०० अक्षरं छापा.

आकड्यांपैकी रोज भेटणारे थोडेच. ४०० म्हणजे प्रश्नातच चूक. ओपन-मेटिओ अशा वेळी ‘रीझन’ या नावाखाली कारणही लिहून पाठवतो, ते वाचा. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, चावी चुकली किंवा राहिली. ४०३ म्हणजे मनाई. काही सर्व्हर ‘पायथन-रिक्वेस्ट्स’ हे विनंतीवरचं मूळ नाव पाहूनच दार लावतात, तिथे यूझर-एजंट या हेडरमध्ये (हेडर म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) आपल्या प्रोग्रॅमचं खरं नाव लिहून पाहावं. ४०४, पत्ता चुकला. ४२९ म्हणजे फार घाई करताय. ५०२, ५०३, ५०४ ही सर्व्हरच्या बाजूची दुखणी, बहुतेकदा थोड्या वेळाने उतरतात. चारशेच्या घरातली चूक आपली आणि पाचशेच्या घरातली त्यांची, ही वाटणी ढोबळ असली तरी कुणाला फोन करायचा ते ठरवायला पुरते.

जिथे जोडणीच होत नाही तिथे आकडाच नसतो, तिथे एक्सेप्शन येतं. ते पकडताना एक छुपी खाच आहे. पायथनचं स्वतःचं ‘कनेक्शन एरर’ आहे आणि रिक्वेस्ट्सचंही त्याच नावाचं वेगळं आहे. नुसतं ‘एक्सेप्ट कनेक्शनएरर’ लिहिलंत तर पहिलं पकडलं जातं, रिक्वेस्ट्सचं निसटतं. पूर्ण नाव लिहा: रिक्वेस्ट्स.एक्सेप्शन्स.कनेक्शनएरर. त्याच्याखाली सगळ्यांचा बाप असलेलं रिक्वेस्ट्स.एक्सेप्शन्स.रिक्वेस्टएक्सेप्शन ठेवा. आणि पकडल्यावर ‘पास’ लिहून गप्प बसवू नका, निदान काय झालं ते छापा. पावसाचा आकडा मिळाला नाही म्हणून ० दाखवणारा प्रोग्रॅम छत्री घरी ठेवायला लावतो.

मराठी मजकुराची गोची

उत्तरात मराठी असेल आणि पडद्यावर डोक्यावर खुणा असलेली रोमन ए अक्षरं व चलनासारखी चिन्हं यांची रांग दिसत असेल, तर डेटा बिघडलेला नाही, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला गेला आहे. सर्व्हरने मजकूर पाठवला पण तो कोणत्या लिपीसंकेतात आहे ते सांगितलं नाही, तर रिक्वेस्ट्स जुन्या नियमाप्रमाणे आयएसओ-८८५९-१ धरून चालते. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये एकाच ठरावीक बाइटने सुरू होतं, म्हणून तेच ए अक्षर पुन्हा पुन्हा दिसतं. इलाज एका ओळीचा, पण ‘टेक्स्ट’ला हात लावण्याआधी लिहायची:

उत्तर.एन्कोडिंग = "यूटीएफ-८"

जुन्या मराठी पानांवर मात्र हा इलाज कधीकधी लागू पडत नाही. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर मुळात रोमन अक्षरंच असतो, त्याला कन्व्हर्टर लागतो. रिक्वेस्ट्सचा त्यात दोष नाही.

फाइलमध्ये लिहितानाही तेच. विंडोजवर ओपन() ला एन्कोडिंग="यूटीएफ-८" दिलं नाही तर ‘कॅरमॅप कोडेक कान्ट एन्कोड’ येण्याची चांगलीच शक्यता. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर "यूटीएफ-८-सिग" द्या. त्यातल्या सुरुवातीच्या खुणेमुळे एक्सेलला देवनागरी ओळखता येते. जेसन.डम्प्सने मराठीच्या जागी तिरकी रेघ आणि यू असे तुकडे छापले तर एन्शुअर_आस्की=फॉल्स लावा.

सेशन आणि पुन्हा प्रयत्न

एकाच सर्व्हरला पाच-पन्नास विनंत्या करायच्या असतील तर प्रत्येक वेळी नव्याने जोडणी करणं म्हणजे दर फेरीला तिकीट खिडकीच्या रांगेत उभं राहणं. ‘सेशन = रिक्वेस्ट्स.सेशन()’ हा पास आहे: जोडणी उघडी राहते, हेडर एकदाच लावता येतात, कुकी सांभाळल्या जातात. मग रिक्वेस्ट्स.गेटच्या जागी सेशन.गेट. टाइमआउट मात्र सेशनला चिकटवता येत नाही, तो प्रत्येक गेटमध्ये द्यावाच लागतो.

सर्व्हर क्षणभर ढेपाळला तर पुन्हा विचारण्याची सोय याच सेशनवर बसते. रिक्वेस्ट्सच्या पोटात यूआरएललिब३ नावाची लायब्ररी काम करते; तिच्यातला रिट्राय आणि रिक्वेस्ट्समधला एचटीटीपीअडॅप्टर आणा:

नियम = रिट्राय(टोटल=३, बॅकऑफ_फॅक्टर=१, स्टेटस_फोर्सलिस्ट=[४२९, ५००, ५०२, ५०३, ५०४])
सेशन.माउंट("एचटीटीपीएस://", एचटीटीपीअडॅप्टर(मॅक्स_रिट्राइज=नियम))

पहिला पुनर्प्रयत्न लगेच होतो, पुढचा दोन सेकंदांनी, त्यापुढचा चार सेकंदांनी. सर्व्हरने ‘रिट्राय-आफ्टर’ हेडरमध्ये थांबायची वेळ सांगितली असेल तर ती पाळली जाते. ४०० आणि ४०४ या यादीत घालू नका. चुकीचा पत्ता तीनदा विचारून बरोबर होत नाही.

पोस्ट विनंत्यांना हा स्टेटसवरचा पुनर्प्रयत्न मुळात लागू नसतो, आणि ते शहाणपणाचं आहे. पोस्ट म्हणजे सर्व्हरवर काहीतरी नोंदवणं. टाइमआउट झाला याचा अर्थ नोंद झाली नाही असा होत नाही. नोंद होऊन फक्त पोच हरवलेली असू शकते. पैसे किंवा ऑर्डर असेल तर पुन्हा पाठवण्याआधी नोंद झाली का ते तपासा.

पोस्टमधला नवख्यांचा दुसरा घोळ म्हणजे ‘डेटा=’ आणि ‘जेसन=’ यांतला फरक. डेटाला डिक्शनरी दिली तर ती वेबवरच्या फॉर्मसारखी जाते, जेसनला दिली तर जेसन म्हणून, योग्य कंटेंट-टाइपसह जाते. जेसनची वाट पाहणाऱ्या सर्व्हरला फॉर्म मिळाला की ४००, ४१५ किंवा ४२२ येतं. आणि पत्ता ‘एचटीटीपी’ लिहिलात, सर्व्हरने ३०१ किंवा ३०२ देऊन ‘एचटीटीपीएस’कडे वळवलं, की वळताना पोस्टचा गेट होतो आणि आतला मजकूर गळून पडतो. समोरून ४०५ आलं तर ‘उत्तर.हिस्टरी’ छापून वाटेत वळण आहे का ते पाहा.

घरी चालतं, ऑफिसात चालत नाही

अनेक मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बाहेर जाणारी प्रत्येक विनंती प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमधून, जाते. ४०७ आला तर प्रॉक्सी तुमची ओळख मागते आहे. रिक्वेस्ट्स ‘एचटीटीपीएस_प्रॉक्सी’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमबाहेर, यंत्रावर ठेवलेली सेटिंग) आपणहून वाचते. त्यात काय भरायचं ते आयटी विभाग सांगेल.

‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ हा एसएसएल एरर आला की नेटवर सगळीकडे एकच सल्ला सापडतो: व्हेरिफाय=फॉल्स. तो घेऊ नका. त्याचा अर्थ समोर बसलाय तो खरंच तोच सर्व्हर आहे का, हे विचारणंच बंद करणं. चावी किंवा पासवर्ड पाठवत असाल तर तो कुणाच्या हातात पडला हे कळणार नाही. आधी लॅपटॉपचं घड्याळ पाहा. तारीख चुकली असली तर प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं. ते ठीक असेल तर बहुधा ऑफिसची प्रॉक्सी स्वतःचं प्रमाणपत्र लावते आहे. ब्राउझरला ते ठाऊक असतं, रिक्वेस्ट्सला नसतं, कारण ती सर्टिफाय नावाच्या वेगळ्या पॅकेजमधली यादी वापरते. आयटीकडून त्या प्रमाणपत्राची फाइल मागा आणि ‘रिक्वेस्ट्स_सीए_बंडल’ या व्हेरिएबलमध्ये तिचा मार्ग द्या.

चावी लागणाऱ्या एपीआयची चावीही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्येच ठेवा, कोडमध्ये नको. गिटमध्ये (कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात) एकदा गेलेली चावी पुढच्या कमिटमध्ये पुसली तरी इतिहासात राहते. चुकून गेलीच तर पुसत बसू नका, ती रद्द करून नवी घ्या.

रोज चारला

प्रोग्रॅम हाताने नीट चालला की तो ठरल्या वेळी आपोआप चालवायला विंडोजवर टास्क शेड्युलर, लिनक्सवर क्रॉन. दर मिनिटाला विचारण्यात अर्थ नाही, अंदाज तेवढ्या वेगाने बदलत नाही. दुपारी चारला एकदा आणि फार तर पाचला एकदा पुरे.

हाताने चालणारा प्रोग्रॅम क्रॉनमध्ये मरतो त्याची कारणं ठरलेली असतात. क्रॉनला तुमचं कपाट उघडलेलं नसतं, म्हणून त्यात पायथनचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो: प्रोजेक्टच्या व्हेन्व्ह/बिनमधला पायथन. तुमच्या टर्मिनलमधले प्रॉक्सी आणि चावीचे व्हेरिएबल तिथे नसतात, ते क्रॉनच्याच फाइलमध्ये लिहावे लागतात. चालू फोल्डरही वेगळा असतो, तेव्हा निकालाच्या फाइलचा मार्ग पूर्ण लिहा, नाहीतर ती भलतीकडेच तयार होते. भाड्याच्या सर्व्हरवर चालवत असाल तर ‘डेट’ टाकून त्याचं घड्याळ पाहा. ते बहुधा ग्रिनिचच्या वेळेवर असतं, आणि तसं असेल तर आपल्या दुपारी चारसाठी क्रॉनमध्ये १०:३० लिहायचं, म्हणजे आधी ३० आणि मग १०.